गवत आणि कुरणाच्या कामाचा ट्रॅक्टर: आधी गठ्ठ्याचं वजन, मग एचपी

गवताच्या कामासाठी ट्रॅक्टर बघताना पहिला प्रश्न हमखास एचपीचा असतो. पण गठ्ठा उचलताना, भरलेला बेलर (गवताचे गठ्ठे बांधणारं यंत्र) घेऊन उतार उतरताना किंवा ओलसर कुरणात वळताना ट्रॅक्टर कमी पडतो, तेव्हा इंजिन क्वचितच अडतं. अडते ती लिफ्ट, ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन किंवा पीटीओचा, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचा क्लच. इंजिन थोडं लहान असेल तर काम सावकाश होतं. वजन कमी असेल तर पुढची चाकं उचलली जातात, आणि स्टीअरिंग फिरवून उपयोग होत नाही. म्हणून वर्षभरात उचलावा लागणारा सर्वांत जड गठ्ठा कोणता, इथून हिशोब सुरू करा.

गठ्ठ्याचं वजन काढा

गोल गठ्ठ्याचा व्यास आणि रुंदी मीटरमध्ये मोजा. व्यासाचा वर्ग गुणिले 0.785 गुणिले रुंदी, हे झालं घनफळ. वाळलेलं गवत बऱ्यापैकी घट्ट बांधलं तर एका घनमीटरात साधारण 160 ते 190 किलो बसतं. मधला 170 चा आकडा धरला, तर 1.2 मीटर व्यास आणि 1.2 मीटर रुंदीचा गठ्ठा 230 किलोच्या आसपास भरतो. रुंदी तीच ठेवून व्यास 1.5 मीटर केला की 360 किलो. 1.8 मीटर व्यास आणि 1.5 मीटर रुंदीचा मोठा गठ्ठा 650 किलोपर्यंत जातो. 1.2 मीटरचा व्यास फक्त 30 सेंटीमीटरनं वाढला तरी वजन दीडपटीच्या वर जातं, ही गोष्ट बेलर घेताना नजरेतून सुटते आणि पुढे ट्रॅक्टरला भोवते.

हे झालं वाळलेल्या गवताचं. मुरघासासाठी ओलं गवत बांधून प्लास्टिकमध्ये गुंडाळणार असाल, तर त्याच मापाच्या गठ्ठ्याचं वजन दुपटीपर्यंत जाऊ शकतं. एखाद्याच हंगामात मुरघास करायचा विचार असला, तरी ट्रॅक्टर त्या वजनाच्या हिशोबानं बघा.

हातानं उचलायचे लहान चौकोनी गठ्ठे 15 ते 25 किलोचे असतात. तिथे लिफ्टचा प्रश्नच येत नाही. बेलर फिरवणं आणि ट्रॉली ओढणं जमलं की झालं. लहान कळप आणि उचलायला माणसं असतील, तर या पद्धतीत ट्रॅक्टर बराच लहान चालतो. हा फायदा हलक्यात घेऊ नका.

मागची लिफ्ट: आकडा कुठे मोजलाय ते विचारा

माहितीपत्रकात लिफ्टची क्षमता ठळक छापलेली असते. पण ती अवजार जोडायच्या खालच्या दांड्यांच्या, म्हणजे लिंकच्या टोकाला, गोळ्यांजवळ मोजलेली आहे, की टोकांच्या 610 मिलिमीटर मागे, ते विचारा. एकाच ट्रॅक्टरच्या या दोन आकड्यांत बराच फरक असतो, आणि जाहिरातीत साहजिकच मोठा आकडा येतो. आपल्याला 610 मिलिमीटरचा हवा. 1.2 मीटर रुंदीचा गठ्ठा भाल्यावर (लिफ्टला जोडलेल्या, गठ्ठ्यात खुपसायच्या टोकदार दांड्यावर) सपाट बाजूनं घेतला, तर त्याचा मध्य 60 सेंटीमीटर मागे जातो. भाल्याच्या चौकटीचे 10–15 सेंटीमीटर धरले की वजन 70–75 सेंटीमीटरवर बसतं. म्हणजे 610 च्याही पलीकडे. त्यामुळे 610 मिलिमीटरवरची क्षमता गठ्ठा आणि भाला मिळून होणाऱ्या वजनाच्या किमान दीडपट असावी.

लिफ्टनं गठ्ठा उचलला म्हणजे ट्रॅक्टरला तो पेलला असं नाही. समोरच्या चाकांवर किती वजन उरलं, हे बघावं लागतं. एक उदाहरण आकड्यांनिशी घेऊ. ट्रॅक्टर 2,000 किलोचा, त्यातले 800 किलो पुढच्या अ‍ॅक्सलवर, आणि दोन्ही अ‍ॅक्सलमधलं अंतर 2 मीटर. गठ्ठा 400 किलोचा आणि भाला 60 किलोचा, म्हणजे 460 किलो. हा भार मागच्या अ‍ॅक्सलपासून 1.6 मीटर मागे लटकतो. पुढच्या चाकांवरून उचललं जाणारं वजन: 460 गुणिले 1.6 भागिले 2, म्हणजे 368 किलो. पुढे उरले 432. एकूण वजन आता 2,460 किलो, आणि त्याचा पाचवा हिस्सा 492 होतो. एकूण वजनाच्या किमान 20 टक्के भार पुढच्या चाकांवर हवा, नाहीतर स्टीअरिंग हलकं पडतं. इथे 60 किलो कमी आहेत. पुढच्या बंपरवर 60 किलोच्या प्लेटा लावल्या तर हिशोब जेमतेम बसतो, कारण त्या अ‍ॅक्सलच्याही पुढे असल्यामुळे त्यांचा परिणाम थोडा वाढतो. कुरणात खाचखळगे असतील किंवा चढ असेल तर 100 किलो लावा. चढावर मागचा भार आणखी मागे सरकतो आणि सपाटीवर बसलेला हिशोब तिथे मोडतो.

लिंकेजची, म्हणजे मागच्या अवजार-जोडणीची कॅटेगरीही तपासा. कॅटेगरी 1 मध्ये खालच्या पिना 22 मिलिमीटरच्या असतात, कॅटेगरी 2 मध्ये 28 मिलिमीटरच्या थोड्या वर. लहान पिनेवर बुश चढवून मोठ्या लिंकेजला अवजार जोडता येतं. उलटं जमत नाही.

लोडर असेल तर

गठ्ठे एकावर एक रचायचे किंवा ट्रॉलीत भरायचे तर ट्रॅक्टरच्या पुढे बसवायचा, हातांनी भार उचलणारा लोडर लागतोच. त्याची क्षमता बहुधा बकेटच्या पिनेवर मोजून लिहिलेली असते. गठ्ठ्याचं वजन मात्र त्या पिनेपासून 60 ते 80 सेंटीमीटर पुढे असतं, आणि तिथे क्षमता चांगलीच घटते. पिनेच्या 80 सेंटीमीटर पुढे आणि लोडरचे हात पूर्ण उंचीवर असताना किती उचलतो, तो आकडा मागा. तो मिळत नसेल तर पिनेवरच्या आकड्याचा एक तृतीयांश भाग सोडून द्या आणि उरलेल्यावर विश्वास ठेवा.

लोडरचं काम करताना मागे वजन लावणं ऐच्छिक नाही. गठ्ठा पुढे उचलला की मागची चाकं हलकी होतात. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये ब्रेक मागच्याच चाकांना असतात. टू-व्हील ड्राइव्हमध्ये तर ओढही मागच्याच चाकांतून येते. म्हणजे पकड जाते आणि ब्रेकही जातो, दोन्ही एकाच क्षणी. थ्री पॉइंटवर, म्हणजे मागच्या लिंकेजवर काँक्रीटचा ठोकळा किंवा वजनाची पेटी लावली की ही अडचण सुटते. मागच्या टायरमध्ये पाणी भरलं तर मागची चाकं जड होतात, पण पुढच्या अ‍ॅक्सलवरचा ताण हटत नाही. मागे लटकवलेला ठोकळा अ‍ॅक्सलच्या पलीकडे असतो, म्हणून तो पुढचा भारही हलका करतो. लोडरसाठी फोर-व्हील ड्राइव्हच घ्या असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढचा अ‍ॅक्सल त्यात मजबूत असतो, आणि फोर-व्हील लावून उतरताना ब्रेकची पकड पुढच्या चाकांपर्यंत पोचते.

लोडरवरचा गोल गठ्ठा ही जीवघेणी गोष्ट ठरू शकते. लोडरचे हात उंच असताना गठ्ठा भाल्यावरून किंवा बकेटवरून मागे घरंगळला, तर लोडरच्या हातांवरून थेट चालकाच्या अंगावर येतो. 300 किलोचा गठ्ठा स्टीअरिंगवर आदळला की पळायला वेळ मिळत नाही. गोल गठ्ठा साध्या बकेटमध्ये उचलूच नका. भाला किंवा पकडणारा चिमटा वापरा, आणि जाताना गठ्ठा जमिनीपासून फूट-दीड फुटावरच ठेवा. उतारावर गठ्ठा नेहमी चढाच्या बाजूला राहू द्या: चढताना तोंड पुढे, उतरताना रिव्हर्स. उलटताना आधार देणारी चौकट म्हणजे रोप्स आणि तिच्यासोबत सीटबेल्ट, ही जोडी हवीच. चौकट घडी करून ठेवली किंवा बेल्ट लावला नाही, तर तिचा काही उपयोग नाही. ट्रॅक्टर उलटला तर रोप्स चालकाला वाचवते. वरून पडणाऱ्या गठ्ठ्यासाठी वर छत असलेली, तसा भार सोसणारी केबिन किंवा चौकट वेगळी बघावी लागते.

पीटीओ: एचपी आणि क्लच दोन्ही

इंजिनचा एचपी आणि पीटीओचा एचपी वेगळे. गिअरबॉक्स आणि पंपांत काही ताकद जाते, त्यामुळे पीटीओवर साधारण 85 ते 90 टक्के मिळते. 50 एचपीचा ट्रॅक्टर पीटीओवर 42 ते 45 देतो. अवजाराच्या मॅन्युअलमध्ये कोणता आकडा दिलाय हे न बघता तुलना केली, तर अंदाज इथेच चुकतो.

कामानुसार पीटीओवर लागणारी ताकद अंदाजे अशी. गवताच्या ओळी लावणाऱ्या रेकला आणि गवत उलथवणाऱ्या टेडरला 20 ते 35 एचपी पुरतात. गवत कापणाऱ्या यंत्रांत, म्हणजे मोअरमध्ये, कातरीसारख्या पात्याचा मोअर सर्वांत कमी खातो. 2 मीटरच्या पात्याला 20 एचपी खूप झाले. ड्रम मोअर 1.65 मीटरचा असेल तर 35–40. डिस्क मोअर 2.4 मीटरचा असेल तर 50 च्या आसपास, आणि त्याला गवत चिरडणारे रोलर जोडलेले असतील तर त्याहून बरेच जास्त. लहान चौकोनी गठ्ठ्यांच्या बेलरला 35–40. 1.2 बाय 1.2 च्या गोल बेलरला 40 ते 50, 1.5 मीटर व्यासाच्या बेलरला 55 ते 65, आणि 1.8 मीटरच्याला 80 च्या वर. हे आकडे सपाट जमिनीचे आहेत. चढ-उतार असतील तर वर 20–25 टक्के धरा. भरलेला बेलर चढावर ओढण्यातच इंजिन दमतं, आणि नेमका तेव्हाच गठ्ठा पूर्ण होत आलेला असतो.

आता क्लच. गवताच्या कामात याच्याइतका महत्त्वाचा आणि याच्याइतका दुर्लक्षित दुसरा भाग नाही. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल दाबलं की चाकं थांबतात आणि पीटीओही थांबतो. बेलरला हे चालत नाही. ओळ दाट आली, पिकअपपुढे (बेलरच्या गवत उचलणाऱ्या भागापुढे) गवताचा ढीग साचला, की ट्रॅक्टर थांबवायचा आणि बेलर फिरता ठेवून तो ढीग गिळू द्यायचा असतो. पीटीओ थांबला तर ढीग आत अडकतो, पुन्हा सुरू करताना शिअर बोल्ट (जादा ताण आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) तुटतो, आणि दोरी किंवा जाळी गुंडाळताना तर पीटीओ थांबून चालतच नाही. म्हणून किमान ड्युअल क्लच हवा. त्यात पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात आणि पीटीओ चालू राहतो. स्वतंत्र पीटीओ क्लच असेल तर सर्वांत उत्तम. पीटीओ वेगळ्या लिव्हरनं किंवा बटणानं चालतो, पेडलचा त्याच्याशी संबंधच नाही.

सिंगल क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरला कुरण छाटायचा रोटरी कटर लावणार असाल, तर आणखी एक धोका आहे. कटरची जड पाती फिरत असताना क्लच दाबला, तरी पात्यांची गती शाफ्टमधून उलटी गिअरबॉक्समध्ये येते आणि ट्रॅक्टर पुढे ढकलला जातो. ब्रेक दाबूनही तो काही फूट जातो. त्या काही फुटांत कुंपण असेल तर कुंपण, ओढा असेल तर ओढा. पीटीओच्या टोकाला एकाच दिशेनं ताकद जाऊ देणारा ओव्हररनिंग क्लच बसवला की हे थांबतं.

वेग 540 की 1000, हे अवजारच ठरवतं. 540 चा शाफ्ट 35 मिलिमीटरचा, 6 खाचांचा असतो. त्याच जाडीचा 21 खाचांचा शाफ्ट दिसला तर तो 1000 चा. मध्यम आणि लहान अवजारांना 540 पुरतो. आणि ओढायच्या अवजारांसाठी ड्रॉबार टेपनं मोजा: पीटीओ शाफ्टच्या टोकापासून ड्रॉबारच्या पिनेच्या भोकापर्यंतचं आडवं अंतर 540 च्या शाफ्टसाठी 14 इंच, म्हणजे 356 मिलिमीटर असावं लागतं. 35 मिलिमीटरच्या 1000 च्या शाफ्टला ते 16 इंच लागतं. हे अंतर कमी असेल तर वळताना शाफ्टचे दोन्ही सांधे वेडेवाकडे वाकतात, खडखडाट होतो आणि सांध्यातला क्रॉस तुटतो. ज्या ट्रॅक्टरचा ड्रॉबार पुढे-मागे सरकवून या मापाला आणता येत नाही, तो बेलरच्या कामाला घेऊ नका.

बेलर ढकलतो, तेव्हा वजन लागतं

चौकोनी बेलरचा दट्ट्या मिनिटाला 80 ते 100 वेळा आदळतो. हलका ट्रॅक्टर प्रत्येक ठोक्याला पुढे-मागे हलतो आणि दिवसअखेर चालकाची कंबर बोलू लागते. गोल बेलर शांत असतो, पण 1.5 मीटरचा बेलर गठ्ठ्यासकट ट्रॅक्टरच्या वजनाला पोचू शकतो आणि त्याला स्वतःचे ब्रेक बहुधा नसतात. उतारावर हे सगळं मागून ढकलतं. बिनब्रेकच्या अवजाराचं भरलेलं वजन ट्रॅक्टरच्या दीडपटीच्या वर जाऊ नये, असं अवजारांच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. डोंगराळ कुरणात आम्ही बरोबरीच्या पुढे जाऊ नका असं सांगू.

गिअर

गवतात कामाचा वेग ताशी 3 ते 10 किलोमीटरमध्येच असतो. पीटीओ 540 वर असताना या टप्प्यात किमान चार गिअर मिळायला हवेत. गिअर एकूण किती, याला फारसा अर्थ नाही. इंजिनवर पीटीओचा वेग ठरलेला असल्यानं अ‍ॅक्सिलरेटरनं गती कमी-जास्त करता येत नाही. ओळ दाट-विरळ होते तशी गती फक्त गिअरनंच बदलायची असते. एका गिअरमध्ये 4 आणि पुढच्यात थेट 7.5 किलोमीटर असेल तर दिवसभर एकतर बेलर उपाशी किंवा तुंबलेला.

लोडरसाठी क्लच न दाबता पुढे-मागे जाऊ देणारा शटल गिअर फार सोयीचा. तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रोस्टॅटिक गिअर लोडरला त्याहून गोड. पण त्यात काही ताकद तेलातच जाते, म्हणून जेमतेम एचपीच्या ट्रॅक्टरवर बेलर चालवायचा असेल तर तो टाळा.

हायड्रोलिकचं एवढंच बघा: गोल बेलरचं मागचं दार उघडायला एक डबल-अ‍ॅक्टिंग रिमोट (दोन्ही दिशांना दाब देणारी तेलाची जोडणी) लागतो, मोअर किंवा जाळीसाठी बऱ्याचदा दुसरा. मागे दोन रिमोट असलेला ट्रॅक्टर घ्या. नंतर बसवणं महाग आणि कटकटीचं.

टायर आणि चाकांचं अंतर

रेकनं लावलेली ओळ दोन चाकांच्या मधून जायला हवी. टायरखाली आलेलं गवत मातीत दाबलं जातं, पिकअप ते सोडून देतो, आणि आलं तरी मातीसकट येतं. म्हणून ओळीची रुंदी आधी ठरवा, मग मागच्या चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर त्याहून मोठं ठेवता येतं का बघा. ट्रॅक्टरखालची मोकळी उंचीही तपासा. दाट ओळ पुढच्या अ‍ॅक्सलला घासत गेली तर गवत गोळा होऊन ढीग बनतो. चाकं बाहेर सरकवली की उतारावर तोलही सुधारतो.

उभ्या नांग्यांचे शेतीचे टायर ओल्यात पकडतात, पण जागच्या जागी वळताना कुरण उकरतात. जाड, बुटक्या नांग्यांचे औद्योगिक टायर लोडरला टिकाऊ, चिखलात मात्र कमी पडतात. गवत हेच मुख्य काम असेल तर शेतीचे रुंद रेडियल टायर घ्या आणि हवा त्या भाराला कंपनीच्या तक्त्यात दिलेल्या किमान दाबाइतकीच ठेवा. टायरमध्ये पाणी भरायचं तर चाकाच्या तीन चतुर्थांश उंचीपर्यंत, त्याहून जास्त नको. कॅल्शियम क्लोराइडचं पाणी रिम गंजवतं, ट्यूबशिवाय भरू नका.

भुस्सा, उष्णता आणि आग

वाळल्या गवताचा बारीक भुस्सा रेडिएटरच्या जाळीवर चादरीसारखा बसतो. कापणीच्या दिवसांत तासा-दोन तासांनी जाळी साफ करावी लागते. त्यामुळे ट्रॅक्टर बघायला जाल तेव्हा बॉनेट उघडून जाळी हत्याराशिवाय हातानं बाहेर निघते का ते स्वतः करून बघा. स्क्रू काढावे लागत असतील तर भर उन्हात ते कोणी काढणार नाही, आणि इंजिन तापेल. हवा मारताना पंख्याच्या बाजूनं बाहेर मारा. बाहेरून मारली तर भुस्सा पंखांच्या फटीत आणखी घट्ट बसतो. सायलेन्सर आणि टर्बोभोवती साचलेला भुस्सा हे आगीचं पहिलं ठिकाण. एक्झॉस्ट उभा, बॉनेटच्या वर जाणारा असेल तर धोका कमी. खालून मागे जाणारा एक्झॉस्ट वाळल्या गवतावरून फिरणार, हे ध्यानात घ्या. अग्निशामक सिलिंडर सीटवरून उतरल्या उतरल्या हाताला लागेल अशा जागी बांधा.

किती ट्रॅक्टर हवा, ते वेळेवरून ठरवा

गवत वाळायला उघडे दिवस थोडेच मिळतात. पात्याची रुंदी मीटरमध्ये गुणिले ताशी वेग गुणिले 0.8 भागिले 10, हे झाले तासाचे हेक्टर. 2.4 मीटरचा मोअर 8 किलोमीटरच्या वेगानं तासाला दीड हेक्टर, म्हणजे पावणेचार एकर कापतो. 1.65 मीटरचा ड्रम मोअर एक हेक्टरच्या किंचित वर. तुमचं कुरण 5–6 हेक्टरांचं असेल तर लहान मोअर आणि 40–45 एचपीचा ट्रॅक्टर एका दिवसात कापणी उरकतो. मोठ्या ट्रॅक्टरचं ओझं घेऊ नका. क्षेत्र मोठं असेल तर एक जड ट्रॅक्टर घेण्यापेक्षा दोन बघा: बेलर आणि मोअरला जड, रेक आणि टेडरला जुना हलका. रेक पुढे आणि बेलर मागे असं एकाच वेळी चाललं की दुपारचे कोरडे तास वाया जात नाहीत. गोल गठ्ठ्याचं गवत 18 टक्के ओलाव्याच्या खाली असेल तेव्हाच बांधायचं असतं. त्याहून ओलं बांधलं तर गठ्ठा आतून तापतो, बुरशी धरतो आणि फारच ओला असेल तर पेटूही शकतो.

जुना ट्रॅक्टर तपासताना

तुम्ही जाण्याआधी इंजिन गरम करून ठेवू नका असं सांगा, आणि थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला लावा. पीटीओ जोडा-सोडा चारदा करा. सोडल्यावर शाफ्ट लगेच थांबायला हवा, रेंगाळला तर ब्रेक किंवा क्लच झिजलाय. लोडर असेल तर त्याच्या चौकटीचे बोल्ट आणि वेल्डिंग रंगाखाली चिरलंय का बघा, जॅक लावून पुढचा अ‍ॅक्सल उचला आणि मधल्या पिनेत किती खेळ आहे ते हातानं हलवून पाहा. हायड्रोलिकचं तेल दुधट दिसलं तर आत पाणी गेलंय.

शेवटी भाल्यावर खरा गठ्ठा घ्या, लिफ्ट वर करा, इंजिन बंद करा आणि लिंकच्या टोकापासून जमिनीपर्यंतची उंची टेपनं मोजून खडूनं लिहून ठेवा. खाली कोणी उभं राहू देऊ नका. दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. दोन-चार सेंटीमीटरची घट चालते. गठ्ठा निम्म्यावर आला असेल तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गेलेला आहे, आणि त्याचा खर्च किमतीतून वजा झाल्याशिवाय सौदा करू नका.